चंदेरी बुटांचा सत्कार

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. अहो, भर गणेशोत्सवात, अख्ख्या मंडळासमोर मी माझ्या अब्रूचं असं काही विसर्जन केलंय ना, की आजही आठवलं तरी कान गरम होतात!

त्याचं असं झालं. आमची लेक रेवा सोळा वर्षांची, जन्म इथलाच, मिशिगनमधल्या ट्रॉयचा. हातात गिटार आणि डोक्यात सत्तरच्या दशकातला एक ब्रिटिश ग्लॅम रॉक बँड. म्हणजे काय, तर पुरुषांनी पापण्यांना चमकी लावायची, सॅटिनचे झगे घालायचे, वीतभर टाचांचे चंदेरी बूट चढवायचे आणि गिटार बडवायची! मी सांगलीच्या हॉस्टेलवर रूममेटच्या कॅसेटवर त्यांची दोन गाणी ऐकली होती, तीही झोपेत. पण लेकीसमोर कमीपणा कोण घेणार?

"अगं, मी तर त्यांचा जुना फॅन!"

आणि नशीब बघा, त्याच बँडचा गिटारिस्ट म्हातारपणी मुलीकडे राहायला आला, तो आमच्याच गावात. त्याची मुलगी माझ्या बायकोच्या, स्मिताच्या ऑफिसात. स्मिताने सहज विचारलं, तर म्हातारा चक्क हो म्हणाला! मंडळाला प्रमुख पाहुणा मिळाला आणि रेवाला त्याच्यासमोर वाजवायचा चान्स.

"बाबा, प्लीज, डोन्ट एम्बॅरस मी," रेवा म्हणाली. "धिस इज द बिगेस्ट डे ऑफ माय लाइफ."

"स्वागत, भाषण, सगळं माझ्यावर सोड!"

झालं! कार्यक्रमाच्या दिवशी फेटा बांधून मी दारात उभा. हॉलमध्ये गणपती, त्यामुळे चपला-बूट बाहेरच काढायचे. तेवढ्यात आमचे अध्यक्ष देशपांडेकाका ओरडले, "सुधीर, माइक बंद पडलाय!" मी आत पळालो. परत येतो तर चपलांच्या ढिगात काय? चंदेरी बूट! तेच ते, वीतभर टाचांचे!

"आले, आले!" करत मी आत धावलो. बघतो तर पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्चीवर एक बुटके, टकले गोरे आजोबा नुसत्या मोज्यांवर निवांत बसलेले.

"सॉरी सर, धिस चेअर इज फॉर द चीफ गेस्ट."

"आय थॉट सो टू," म्हणत ते हसले आणि बिचारे मागच्या रांगेत गेले.

मग दिसला! प्रसादाच्या टेबलापाशी उभा, सहा फूट उंच, खांद्यापर्यंत पांढरे केस, हातात मोदक. मी दंड धरून त्याला थेट स्टेजवर नेलं.

"आय ओन्ली केम फॉर द स्वीट्स," तो पुटपुटला.

काय हा विनय!

मी भाषण ठोकलं. कारखान्याच्या गावातली ही पोरं पबमध्ये वाजवता वाजवता टीव्हीवर कशी पोचली, त्यांना बघून आईबापांनी घराघरांत टीव्ही कसे बंद केले, पुढच्या पंक आणि मेटलवाल्यांनी यांच्याकडूनच कसं उचललं! "आज जगात जो जो पुरुष काजळ घालून गातो, तो यांचा वारसदार!" टाळ्याच टाळ्या! विंगेतून रेवा दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, पोरीला भरून आलंय. मलाही आलं. मी शाल घातली, नारळ दिला, पुणेरी पगडी चढवली.

"बाबा, स्टॉप!" रेवा स्टेजवर धावली. "दॅट्स नॉट हिम! ही इज ओव्हर देअर!"

बोट कुठे? मागच्या रांगेतल्या मोज्यांकडे.

बूट काढले की माणूस वीतभर कमी होतो, एवढं साधं गणित एका इंजिनिअरला सुचू नये? आणि ते प्रसिद्ध केस म्हणे तेव्हाही विग होते, खऱ्या फॅन्सना हे माहीत असतं. मी सत्कार केला तो हॉलशेजारी राहणारा एक खादाड माणूस.

रेवाचे डोळे डबडबले होते.

तेवढ्यात आजोबा मोज्यांवरच स्टेजवर आले. "मी किती बुटका आहे ते कळू नये म्हणून ते बूट घालायचो," ते इंग्रजीत म्हणाले. "ते किती कामाचे होते, ते आज कळलं!" हॉल खो-खो हसला. मग ते रेवाकडे वळले, "चल, वाजव." तिने सुरुवात केली आणि मधेच आजोबांनी दुसरी गिटार मागून घेतली. रेवा हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. शाल मात्र एकच होती, आणि शेजारचे गृहस्थ ती काही केल्या परत देईनात.

पुढच्या वर्षी उत्सवाच्या मीटिंगमध्ये देशपांडेकाकांनी कामं वाटली. माझ्याकडे बघून म्हणाले, "सुधीर, तू यंदा स्वागताला नको. दाराबाहेर चपलांपाशी बस. माणसांचं आम्ही बघू, बूट तुला बरोबर ओळखता येतात!"