फ्लॅट नंबर नसलेली नळी

बोरीवलीच्या ‘श्रेयस-कुंज’ सोसायटीत १९८५ साली मधुमेह तपासणी शिबिर भरले. सभागृह झाडण्यापासून जिलब्यांची परात वर चढवण्यापर्यंत सगळे वनमालेने केले. हारतुरे अर्थातच इतरांना मिळाले. गिरणी संपात नवरा घरी बसल्यापासून ती या इमारतीत पाच घरची भांडी घासत होती. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने हळद बांधूनही भरत नव्हती. सदा ओल्यात पाय, दुसरे काय, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

उद्घाटक महाशयांनी सांगितले की हा रोग बैठ्या, सुखवस्तू माणसांचा. कष्टकऱ्यांना तो शिवतही नाही. श्रोत्यांनी आपल्याच सुबत्तेला टाळ्या वाजवल्या. वनमाला मागे काचेच्या नळ्या धूत होती. लघवीत औषध घालून तापवायचे. निळे राहिले तर ठीक, विटकरी झाले तर साखर, एवढे तिला एव्हाना कळले होते. न भागणारी तहान, न भरणारी जखम आहे का, असे डॉक्टर ज्याला त्याला विचारत होते. पायाच्या जखमेची हयगय केली तर बोट कापावे लागते, हेही बजावत होते. तिचा हात थांबला.

सभासद जेवायला गेल्यावर तिने एक नळी स्वतःसाठी भरली, तापवली. विटकरी झाली.

डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि वही पुढे ओढली. “फ्लॅट नंबर?”

“माझी आहे, डॉक्टर.”

वहीत असा रकाना नव्हता. शिबिर सभासदांपुरतेच आहे, तू पालिकेच्या रुग्णालयात पहाटे जाऊन रांग धर, असे त्यांनी सांगितले. पायाकडे पाहिले नाही. मग नळी परत देत म्हणाले, “ही नीट धू हं.”

संध्याकाळी सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी उरलेल्या जिलब्यांचा पुडा मोठ्या औदार्याने तिच्यापुढे केला. अकरा सभासदांना पथ्य लागले होते.

“मलापण चालत नाही, साहेब.”

“तुला कसली गं शुगर? दिवसभर राबतेस तू.”

तिने पुडा टेबलावरच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाचही घरच्या मोरीत भांडी तशीच पडली. वनमाला पालिकेच्या रांगेत होती. अंगठ्याची चिंधी सोडून, कोणीतरी एकदा पाहील म्हणून उभी. इकडे सोसायटीने तिचे निदान केव्हाच उरकले होते : जिलब्या नाकारण्याइतका माज चढला, की माणसे कामाला येईनाशी होतात.