आबांना कबर नाही

ईस्टरच्या आदल्या दिवशी लातूरच्या आमच्या कब्रस्तानात सगळी मंडळी चुन्याच्या बादल्या घेऊन जमतात. गवत उपटायचं, कबरी धुवायच्या, चुना लावायचा. रविवारी पहाटे मेणबत्त्या घेऊन गेलं की आपली माणसं स्वच्छ दिसली पाहिजेत ना! मी दरवर्षी जाते आणि दुसऱ्यांच्या कबरी रंगवते. माझ्या वडिलांना कबरच नाही.

आबा लोह्याजवळच्या आमच्या गावात प्रार्थना चालवायचे. मला मातीत ठेवा आणि डोक्याशी लाकडाचा क्रूस लावा, एवढंच त्यांनी आमच्याकडे मागितलं होतं. ते गेले तेव्हा धाकट्या भावाच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे त्यानं मुलाकडच्यांपासून लपवलं होतं. मी लातूरहून एस.टी.नं पोहोचेपर्यंत हा आबांना जाळून मोकळा! त्यानंतर सहा वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली आहे' हे वाक्य आलं की मी ओठ मिटून घेते. देवासमोर खोटं कशाला बोला?

यंदा भाऊ थेट कब्रस्तानात आला. हातात नवी कोरी बादली. गावाकडच्या पाळकांपुढे त्यानं रडून सगळं कबूल केलं होतं म्हणे.

"देवानं माफ केलं, आक्का. आता तू कर."

देवानं केलं! मला न विचारता, परस्पर! माझं डोकंच फिरलं.

"देवाचं काय जातंय," मी म्हणाले, "राख मला बघावी लागली."

बोलले आणि जीभ चावली. तो खाली मातीत बसला.

"म्हण ना, आक्का. मनात नसलं तरी म्हण."

मी खरंच प्रयत्न केला. मला त्याला माफ करायचं नव्हतं असं नाही. करायचं होतं, पण ते होतच नव्हतं. इतकी लाचार मी आबांच्या राखेपुढेही झाले नव्हते.

आणि माफी म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. नांदेडला वसतिगृहात शिकत असताना एकदा आबा आले, मळकं धोतर, सायकल, खांद्याला बायबलची पिशवी. मैत्रिणींनी विचारलं, हे कोण? मी म्हणाले, "ओळखीचे आहेत, गावाकडचे." आबा चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. मग पुढे येऊन माझ्या हातात पुडी दिली आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या बापानं लाडू धाडलेत. नीट शिक म्हणलाय." आणि सायकल ढकलत निघून गेले. त्यावर ते जन्मात कधी चकार शब्द बोलले नाहीत. मीही त्यांची माफी मागितली नाही. आता कुठे जाऊन मागू?

हे सगळं डोक्यात चालू असतानाच आमच्या चर्चमध्ये नवीन आलेली एक बाई ब्रश मागायला आली. मातीत बसलेल्या भावाकडे बघून तिनं विचारलं, "तुमच्या घरचे का हे?"

"नाही," मी म्हणाले. "ओळखीचे आहेत, गावाकडचे."

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. भावानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लाडवांची गोष्ट त्याला कुणी कधी सांगितली नव्हती. तो उठला, धोतराची माती झटकली, बादली उचलली.

"हाव बाई, ओळखीचाच हाय मी," तो तिला म्हणाला. "चुना लावायला आलोय. कोंची कबर राह्यली, सांगा."

ती पुढे, तो तिच्या मागे बादली घेऊन चालू लागला. हा माझा भाऊ आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. सायकल ढकलत जाणाऱ्या आबांना जी हाक मारता आली नव्हती, ती आताही निघाली नाही.