मावसाजींची लडलोची बिअर

बिअर पिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण बिअरशी व्याह्यासारखं अदबीनं वागणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसाजी. पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, धरमपेठेत राहणारे, अंघोळीनंतर न चुकता गंध लावणारे, आणि नागपुरात उभ्या आयुष्यात ताकापलीकडे न गेलेले. मुलगी लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेली आणि दर उन्हाळ्यात तिच्याकडे जाणं सुरू झालं. पहिल्याच खेपेला जावयानं एका पबमध्ये त्यांच्यापुढे अर्धा ग्लास तांबूस बिअर ठेवली. जावयाचं मन मोडू नये म्हणून मावसाजींनी ती ओठाला लावली, आणि त्या दिवसापासून इंग्लंडातले किल्ले, राजवाडे आणि संग्रहालयं त्यांच्यापुरती बंद झाली. ते एकेका गावाला जाऊन पब पाहू लागले.

बिअर म्हणजे कोणतीही नव्हे हं. तळघरातल्या पिंपात शेवटपर्यंत आंबत राहणारी, वरून गॅस न भरलेली, दांडा ओढून हातपंपानं वर काढलेली असेल तीच. तिकडे तिला रिअल एल म्हणतात. यातलं मला काही कळत नाही असं दिसल्यावर मावसाजींनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "बाटलीतली मेलेली असते गा. पिपातली जित्ती असते. इडलीच्या पिठासारखी फुगून राहिली असते." तिचा गारवाही माठातल्या पाण्याइतकाच असावा लागतो, आणि फ्रीजमधल्या पाण्याला त्यांनी जन्मभर नाक मुरडलेलं असल्यामुळे इंग्रजांची ही एक गोष्ट त्यांना शंभर टक्के पटली. एकदा तर धरमपेठेतल्या एका चकचकीत हॉटेलात जाऊन त्यांनी वेटरला विचारलं, की बाबा, तुमची पिंपं कुठे ठेवता? त्यानं मोठ्या आदरानं त्यांना मागे नेऊन पाण्याचे ड्रम दाखवले.

पबमध्ये त्यांचं वागणं पाहण्यासारखं असे, असं मावशी सांगते. ती बरोबर असायचीच. भर जुलैत माकडटोपी घातलेले मावसाजी अर्धाच ग्लास मागत, तो उजेडाकडे धरत, डोळे मिटून हुंगत, आणि पहिला घोट रश्श्याचं मीठ पाहावं तसा जिभेवर घोळवत. मावशी संत्र्याचा रस मागवी आणि दर वेळी तो बेचव असल्याचं जाहीर करी. नागपूरच्या बाईनं दुसरं काय करावं? मग मावसाजींच्या कोटाच्या खिशातून चिवड्याची पुडी निघे, शेजारच्या टेबलांवर फिरे, आणि अर्ध्या तासात सगळा पब ठसकत, डोळे पुसत त्यांच्याभोवती जमलेला असे. नाव मात्र ते कोणाचं विचारत नसत. नाव विचारलं की घरी बोलवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

एका गावात ग्लास नाकाशी नेऊन त्यांनी तो तसाच परत केला आणि पबच्या मालकिणीला त्यांच्या सरकारी इंग्रजीत विनयानं कळवलं, की मॅडम, ही आजारी आहे. मावशीला वाटलं, आता भांडण होणार. बाईनं चव घेतली, तोंड वाकडं केलं, पिंप बदललं आणि नव्या पिंपातला पहिला ग्लास यांच्यापुढे आणून ठेवला. दुसऱ्या एका खेपेला चुकीच्या बसमध्ये बसून दोघं भलत्याच गावी उतरली. बर्मिंगहॅमला मुलगी काळजीनं अर्धी झाली, तेव्हा मावसाजींचा फोन आला, की काळजी करू नको, इथेही पब आहे.

मागच्या हिवाळ्यात त्यांना चालताना धाप लागायला लागली. धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हृदय थकलं आहे. गोळ्या घ्या, घरात फिरा, विमानप्रवास आता विसरा. मावसाजींनी जरा विचार करून जहाज चालेल का, असं विचारलं. डॉक्टर हसले. मावशी मात्र खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्यानंतर घरात इंग्लंडचा विषय कोणी काढेना. ते स्वतःही काढेनात, आणि हेच आम्हाला जास्त जड गेलं.

उन्हाळ्यात कंपनीच्या कामानं मला बर्मिंगहॅमला जायचं निघालं. भेटायला गेलो तर त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, की लडलो नावाचं एक गाव आहे, नदीजवळ एक पब आहे, तिथली बिअर पहिल्यासारखीच आहे का तेवढं पाहून ये.

एका सुट्टीच्या दुपारी मी गेलो. छोटं, चढउताराचं गाव. पब सापडल्यावर नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. त्यांनी मला फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावला, कारण त्यांना पंपाचा आवाज ऐकायचा होता. काउंटरवरची बाई दांडा ओढू लागली तसे ते त्यांच्या इंग्रजीत तिला सांगू लागले, सावकाश, मॅडम, सावकाश.

खिडकीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं झटकन मान वर केली. तो काठी टेकत माझ्याजवळ आला आणि त्यानं विचारलं, हा तो तिखट खायला घालणारा टोपीवाला गृहस्थ का? मी हो म्हणताच त्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

मग कितीतरी वेळ ते दोघे बोलत होते. एकाचं इंग्रजी दुसऱ्याला निम्मंच कळत असावं, कारण दोघेही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होते. म्हाताऱ्याचा गुडघा, नागपूरचं ऊन, मालकाची कुत्री व्यायली ते, सगळं झालं. मी अर्धा ग्लास घेऊन शेजारी बसलो होतो. चव काय, कशी, मला काही सांगता आलं नसतं, आणि तिकडूनही कोणी विचारलं नाही.

फोन परत हातात आला तेव्हा मी मोठा आवाज बंद करून तो कानाला लावला. मावसाजी म्हणाले, "पुढच्या साली येतो का म्हणून विचारून राहिला. मी हो म्हटलं गा. तू त्याले काही सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हणालो.

मी निघालो तेव्हा म्हातारा दारापर्यंत आला. जूनमध्ये ये म्हणावं त्याला, तो म्हणाला, जूनमध्ये बाहेर नदीकाठी बसता येतं. मी म्हणालो, सांगतो.