तीन बोगनवेली आणि माझा तीस वर्षांचा अनुभव

द्राक्षबागेत कलमं बांधायला लागून मला तीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात माझं एकही कलम वाया गेलेलं नाही. (जी गेली ती हवामानामुळं गेली.)

विट्याजवळ आम्ही नवं घर बांधलं तेव्हा माझ्या बायकोनं, मालननं, एकच गोष्ट मागितली. वास्तुशांतीला दारात रंगीबेरंगी फुलं पाहिजेत. तिची साताऱ्याची बहीण कुसुम येणार होती आणि कुसुमच्या बागेचं कौतुक मालन फोनवर दहा वर्षं ऐकत आली होती. तिनं मोबाईलवर शोधून एका लांबच्या नर्सरीतून तीन कलमी बोगनवेली मागवल्या. एकेका झाडावर पांढरा, केशरी आणि पिवळा असे तीन-तीन रंग!

कुरिअरनं माझ्याएवढं उंच खोकं आलं. आत छातीपर्यंत येणारी तीन सरळ खोडं. प्रत्येकाच्या शेंड्याजवळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. वाटेत मोडलं असणार, म्हणून बांधलंय, असं मी निदान केलं.

"आवं, नुसती लावा. बाकी काय करू नका," मालन म्हणाली.

"अगं, प्रवासानं दमल्यात ती. रिकट घ्याय पायजे."

रिकट म्हणजे द्राक्षाचं नवं रोप बुडाशी दोन-तीन डोळे ठेवून छाटायचं. मग ते जोमानं फुटतं. छाटायचं ते कलमाच्या वर, हे तर मी झोपेतही सांगेन. द्राक्षाचं कलम असतं गुडघ्याखाली. मी वाकलो, खोड चाचपलं, एक गाठ हाताला लागली. हेच कलम! त्यावर चार बोटं सोडून सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवला. तीन झाडं, तीन घाव. वरचा पाला शेजारच्या शेळीला घातला.

आणि काय फुटली झाडं! महिन्याभरात कमरेएवढी झाली. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत होतो. "बघ गड्या, रिकट घेतल्यावर कसं फुटतंय." तिसऱ्या महिन्यात फुलं आली. पहिल्या झाडाला जांभळी. दुसऱ्यालाही जांभळी. तिसऱ्याकडं मी दोन दिवस आशेनं बघितलं. तेही जांभळंच.

मी तडक नर्सरीला फोन लावला आणि फसवणूक, ग्राहक, तक्रार असे शब्द वापरले. पलीकडच्या मुलीनं फोटो मागवले, बघितले आणि शांतपणे विचारलं, "काका, कलमं कुठं आहेत?"

"खाली गुडघ्याशी हाईत की."

"बोगनवेलीचं कलम आम्ही वर, शेंड्याला बांधतो. पट्टी होती ना? तुम्ही वाढवलाय तो नुसता कलमाखालचा जंगली खुंट. पट्टीच्या वरचा भाग कुठंय?"

मी शेजारच्या शेळीकडं बघितलं.

मालनला सांगितलं तेव्हा तिनं माझा सिकेटर उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. भांडली असती तर बरं झालं असतं. वास्तुशांतीच्या सकाळपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. एवढ्या वर्षांत तिनं हौसेनं मागितलेली ही एकच गोष्ट होती आणि ती मी स्वतःच्या हातानं छाटली होती.

कुसुम गाडीतून उतरली, दारात थबकली आणि म्हणाली, "अगं ताई, हायवेच्या मधल्या पट्टीत सगळीकडं हीच फुलं होती की."

सगळे पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं.

"ती सरकारी हाईत," मालन म्हणाली. "ही आमच्या ह्यांनी सोता तयार केल्यात. जोम बघ की जरा. तुझ्या बागेत हाय का असं एक तरी झाड?"

नव्हतं. कुसुमनं स्वतः कबूल केलं. कुठल्याही पुरस्कारानं फुगली नसती एवढी माझी छाती तेव्हा फुगली. बायको असावी तर अशी, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

पाहुणे गेले आणि मालननं त्याच नर्सरीतून आणखी तीन कलमं मागवली. ती आता दारात तीन-तीन रंगांत फुलली आहेत. या कलमांची राखण तिनं पूर्ण विश्वासानं शेजारच्या शेळीवर सोपवली आहे. मी जवळ गेलो की मात्र मालन स्वतः बाहेर येऊन उभी राहते.