बापटकाकांचं भिंग

आमच्या अमेरिकेतल्या प्लेनोच्या जुन्या पिस्तुलांच्या ग्रुपमध्ये किश्शांना तोटा नाही, कारण इथे कुणाचाच कुणावर विश्वास नाही! दर शनिवारी सकाळी बापटकाकांच्या गराजमध्ये जमायचं, चहा प्यायचा आणि एकमेकांची पिस्तुलं नकली ठरवायची. मी अजून व्हिसावर, म्हणजे कायद्याने पिस्तूल हाताळायला बंदी, त्यामुळे हात न लावता नुसता संशय घेतो.

काका रिटायर्ड इंजिनियर, मूळचे नागपूरचे. वेड एकच, अमेरिकन आर्मीचं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आर्मीने त्यात बदल केले. ट्रिगर आखूड केला, मुठीची पाठ फुगवली. नकली माल नेमका तिथेच पकडला जातो, म्हणून काकांच्या गळ्यात कायम भिंग!

एकदा गन शोमध्ये एक विक्रेता छातीठोकपणे म्हणाला, "आजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरलंय. एकही पार्ट बदललेला नाही!"

काकांनी भिंग लावलं. "आणि ट्रिगर आखूड? फारच दूरदृष्टीचे होते हो तुमचे आजोबा!"

त्याने गुपचूप पिस्तुलावर फडकं टाकलं.

गणपतीत काकूंनी मोदक वाढले, तर काका कळ्या मोजायला लागले. "सगळ्या सारख्याच? फ्रोझन दिसतायत."

काकू कडाडल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. बायको ओरिजिनल आहे का, तेही बघून घ्या एकदा!"

आणि यार, काकांचा हात खरंच भिंगाकडे गेला!

मग एकदा शेजारचा वॉल्टर आला. ऐंशीचा म्हातारा, हातात वडिलांचं पिस्तूल. वडील सांगायचे, दोन युद्धांच्या मधल्या काळात मी आर्मीत होतो, हे तेव्हाचं. वॉल्टरचा धाकटा भाऊ म्हणायचा, सगळ्या थापा!

"मला एवढंच सांग," वॉल्टर पिस्तूल पुढे करत म्हणाला, "डॅड खोटं बोलले का?"

काकांनी आठवडाभर तपासलं. शनिवारी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नंबर घासून नवा मारलाय. आर्मीचा शिक्काही बोगस. सगळा बनाव आहे रे." मला फार वाईट वाटलं.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. काकूंनी काकांच्या पिस्तुलांबरोबर वॉल्टरचंही पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. निकाल ऐकायला आलेल्या वॉल्टरने ते बघून टोपी काढली आणि डोळे पुसत तिथेच उभा राहिला.

"मग? खरं आहे?" त्याने विचारलं.

काका पाटाकडे बघत राहिले. "ओरिजिनल," ते म्हणाले. "हंड्रेड पर्सेंट!"

वॉल्टरने त्यांना मिठीच मारली. तो गेल्यावर मी हळूच म्हटलं, "काका, पण तो नंबर..."

"नीट दिसलाच नाही रे. भिंग सापडत नव्हतं."

भिंग त्यांच्या गळ्यातच होतं!