गजीतला टेपरेकॉर्डर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला आवाज जमवायचं वेड लागलं. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. कळसहून बारामतीला जाणाऱ्या एसटीत मी मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसायची. कंडक्टर तिकिटाला भोक पाडायचा चिमटा दांडीवर टकटक वाजवायचा, ते मी टेप करायची. स्टँडाबाहेरच्या रसवंतीचे घुंगरू, निमगाव केतकीच्या बाजारातली ओरड, आमच्या विहिरीवरची मोटार, लोकर कातरणाऱ्या कात्रीची करकर, असं काय काय. घरी आल्यावर पॉजचं बटण दाबत-सोडत हे तुकडे एकाला एक जोडायचे. "गाणी भरायची सोडून कचरा भरतीया," आई म्हणायची. मी कानाडोळा करायची.

त्या कचऱ्यात मला ढोल हवा होता, तोही टेप केलेला नाही, समोर वाजणारा. आमच्याकडची मेंढरं जाऊन भेंडी-टोमॅटो आले होते, पण धनगरांची गजी आबांनी सोडली नव्हती. आबा म्हणजे माझे वडील. गजीत ढोलवाले मधे बसतात आणि नाचणारे भोवतीनं रुमाल उडवत फिरतात. कॉलेजच्या गॅदरिंगला माझ्या टेपबरोबर वाजवाल का, असं विचारल्यावर आबा चटकन तयार झाले. बारामतीच्या स्टेजचं त्यांनाही अप्रूप होतं.

पहिली तालीम आमच्या खळ्यावर झाली. ढोलापुढं टेपचा आवाज कुठला टिकायला, म्हणून गावातल्या स्पीकरवाल्याचा कर्णा आणून जोडला. सुरुवात बरी झाली. पण गजी एका चालीत राहत नाही. पुढच्या नाचणाऱ्याचा पाय जसा पडेल तसा ढोल चालतो, आणि बघता बघता चाल दुप्पट होते. माझी टेप मात्र आपल्याच तंद्रीत. ढोल पुढं गेला, घुंगरू मागं राहिले, आणि सगळा विचका झाला. सगळे थांबले तरी कर्ण्यातून बाजार ओरडतच होता.

"ह्ये कुणाचं आयकतच न्हाय की," पुढं नाचणारे तात्या म्हणाले. ते आबांचे चुलतभाऊ, गजीतले सगळ्यांत जुने. माणसं पोट धरून हसली. आबांनी ढोल खाली ठेवला. "तुजं तू वाजीव बाय. ढोल काय हेच्या मागं पळणार न्हाय."

मला रडू येत होतं, पण त्या हसणाऱ्यांपुढं रडायचं नाही असं मी मनाशी ठरवलं. तात्यांचं म्हणणं खरं होतं, याचाच जास्त राग आला. जोडलेली ती कॅसेट मी पुसून टाकली. नवीन कॅसेटवर एकेक आवाज लांबच लांब भरला. आता तोडायचा तो वाजवतानाच, पाय बघून, बटणावर. अंगणात मी एकटीच पायानं ठेका धरून सराव करत राहिले. बटण दाबून दाबून हाताच्या अंगठ्याला घट्टा पडला.

पुढच्या तालमीला मी ओट्यावरून प्रयत्न केला. तिथून नाचणाऱ्यांच्या पाठी तेवढ्या दिसत, पाय दिसत नव्हते. दर वेळी उशीर व्हायचा. पाय दिसतात ते फक्त मधून, ढोलांपाशी. आणि तिथं कधी कुणी बाई बसली नव्हती. बायका लांबून बघत आणि घामाघूम झालेल्यांना पाणी देत.

त्या संध्याकाळी मी म्हणाले, "आबा, मला मधी बसावं लागंल."

"लोक काय म्हणतील ठावं हाय का तुला?"

"व्हय."

"आन तरी?"

"तरी."

आबा भेंडीला पाणी द्यायला निघून गेले.

गॅदरिंगच्या टाळ्या आणि हुल्लड यातलं मला आता फारसं आठवत नाही. त्याआधीची तालीम आठवते. आबांनी हो म्हणायची वाट बघत बसले असते तर अजून बसलेच असते. माणसं जमायच्या आत मी टेप उचलला, खळ्याच्या मधोमध जाऊन ढोलांशेजारी मांडी घातली आणि वायर कर्ण्याला जोडली. उठवलं तरी उठायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

तात्या रुमाल हातात घेऊन कडेलाच थांबले. माझ्याकडं न बघता आबांना म्हणाले, "पोरगी मधी कशाला बसलीया?"

आबा ढोलाची दोरी आवळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "वाजवणारी हाय ती. वाजवणारं माणूस मधीच बसतंय."

तात्यांनी रुमाल झटकला आणि पाय उचलला. ढोल वाजू लागला. मी बटण सोडलं, आणि पहिलाच ठोका चुकले.

"पायाकडं बघ, पायाकडं," आबा खेकसले. गजीतल्या कुणाही वाजवणाऱ्यावर ते असेच खेकसायचे. मला इतका आनंद झाला की दुसराही ठोका चुकला.