गैरहजरीचं शून्य

शाळेच्या संगणकावर मुलांची माहिती भरायला मला तात्पुरतं घेतलं तेव्हा मुख्याध्यापकांनी एवढंच विचारलं, "मराठी टायपिंग येतं ना?" येतं, म्हटलं. मराठी आकडे येतात का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रत्नागिरी शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला एकोणसाठ की एकोणसत्तर, यासाठी आजही क्षणभर थांबावं लागतं.

शाळा पावसच्या रस्त्यावरच्या एका गावात. अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. दहावीच्या वर्गशिक्षिका गणिताच्या बाई होत्या. त्या गुण वाचून दाखवायच्या, मी टाइप करायची. मी थांबले की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "सिक्स्टी नाइन गो बाय, सिक्स्टी नाइन." स्टाफरूम हसायची. मीही हसायचे, पण जरा उशिरा.

मुलांचे चेहरे ओळखू लागण्याआधी मला त्यांचे रकाने पाठ झाले. पालकांचा व्यवसाय या रकान्यात निम्म्यांचं "नोकरी, मुंबई" आणि संपर्कासाठी नंबर आईचा. काही मच्छीमार, काही शेतकरी. आणि प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं अशी, की ज्यांच्या मातृभाषेपुढे "नेपाळी" लिहावं लागे. त्यांचे आईवडील आंब्याच्या बागांचे राखणदार. सरकारी यादीत राखणदार हा पर्याय नव्हता, म्हणून मी "इतर" निवडायचे. ही कुटुंबं हंगाम संपला की जूनच्या सुरुवातीला गावी जातात आणि गणपतीच्या सुमाराला परत येतात. मुलंही त्यांच्याबरोबर जातात. शाळेला याची इतकी सवय होती, की हजेरीपटातले ते रिकामे आठवडे कोणाच्या नजरेत भरत नसत.

ज्यांना परवडतं त्यांची मुलं शहरातल्या इंग्रजी शाळेत जातात. सकाळी त्यांची पिवळी बस आमच्या फाटकावरून जाते. त्यामुळे पट दर वर्षी घसरतो आणि पट घसरला की शिक्षकाचं एखादं पद जातं. म्हणून दहावीचा निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे, असा शाळेचा जुना नेम. तो पाळायची पद्धतही ठरलेली होती. सहामाही परीक्षेनंतर सर्वांत कच्च्या मुलांची यादी व्हायची, पालकांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून मूल बाहेरून परीक्षेला बसवायचं. मग ते नापास झालं तरी शाळेच्या निकालात धरलं जात नाही. यात कोणाला लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. बाई स्वतः बसून फॉर्म भरून द्यायच्या, जुनी गाइडं द्यायच्या.

त्या वर्षी यादी मी काढली. पहिली घटक चाचणी आणि सहामाही यांची सरासरी काढली आणि खालची तीन नावं छापून दिली. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी राखणदाराची.

ती मला चांगली माहीत होती. मधल्या सुट्टीत ती संगणकाच्या खोलीत येऊन दाराशी उभी राहायची. वाक्याच्या शेवटी हेल काढत अगदी इथल्यासारखं बोलायची. एकदा म्हणाली, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या काय?"

"नाही, इथलीच. रत्नागिरीची."

"मग बोलता अशा का?"

यादी मुख्याध्यापक सरांकडे गेली त्या दुपारी ती आली ती दाराशी थांबलीच नाही, थेट टेबलाजवळ आली. "मॅडम, माझं नाव आहे म्हणतात."

मी म्हटलं, "यादी सरांकडे असते." मला अडचणीत असताना असंच बोलता येतं.

ती हलली नाही. "दाखला घरी गेला ना मॅडम, की पप्पा म्हणतील झालं शिक्षण. माझ्या ताईचं तसंच झालं. हंगाम संपल्यावर गावी नेलं ते लग्नच लावून दिलं. आणि सहामाहीत मी एकाही विषयात नापास नाय. बघा हवं तर."

ती गेल्यावर मी बघितलं. खरंच नव्हती. गणितात काठावर, बाकी ठीक. तिचं नाव खाली आलं होतं ते घटक चाचणीमुळे. तिथे ओळीने सगळ्या विषयांत शून्य होतं. चाचणी ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा ती नेपाळमध्ये होती. बाईंच्या कागदावर तिच्या नावापुढे "गै" असंच लिहिलेलं होतं. अक्षर टाकलं की माझ्या तक्त्यातली सरासरी अडायची, म्हणून मी तिथे शून्य भरलं होतं. त्याला मिनिटभरही लागलं नसेल.

गुपचूप दुरुस्त करायची वेळ टळली होती. पालकांना दुसऱ्या दिवसाचे निरोप गेले होते. बोलायचं वाक्य मी आधी मनात इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत, आणि सरांच्या खोलीत गेले. बाई तिथेच होत्या.

"सर, यादीत चूक आहे. माझी."

"आकडा चुकला असेल गो," बाई म्हणाल्या. "एकोणसाठचे एकोणपन्नास केले असशील. होतं."

"आकडे बरोबर आहेत, बाई. ती गैरहजर होती, मी शून्य लिहिलं."

सर म्हणाले, "गैरहजर काय नि शून्य काय, अभ्यास बुडलाच ना?"

"बुडला होता, सर. पण नंतर दोन महिन्यांत ती सगळ्या विषयांत पास झाली."

"काठावर," बाई म्हणाल्या. "जानेवारीत मोहोराची फवारणी सुरू झाली की आईबाप बागेत आणि ही चुलीपाशी. मार्चमध्ये लटकली तर बोर्ड तुझ्या एक्सेलला विचारायला येणार आहे?"

सरांनी आवाज चढवला नाही. "एक नापास झाली की शंभर टक्के गेले. मग लोक मुलं त्या बसमध्ये घालणार. पट गेला की पद. तात्पुरत्यांचं तर आधी, मॅडम."

"मी तशाच बसने जायचे, सर," मी म्हटलं. "आईबाबांनी मला घातलं तेव्हा कुठल्या शाळेचा निकाल बघितला नव्हता. इंग्रजी बघितलं होतं. शंभर टक्के असतानाही ते इथे आले नसते."

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं तितकं ते बोलायला कठीणही नव्हतं.

बाईंनी सरांकडे बघितलं, मग लाल पेन उघडून नावावर रेघ मारली. "गणिताचं मी बघते. इंग्रजी तू घ्यायचं. रोज, मधल्या सुट्टीत. इंग्रजी शाळेतली ना तू, मग घे."

"घेते," मी म्हटलं.

त्या दोन मुलांबद्दल मी काही बोलले नाही. त्यांच्या गुणांत माझी चूक नव्हती, एवढ्यावर मी समाधान मानलं. त्यांचे दाखले दुसऱ्या दिवशी गेले.

मे महिन्यात निकाल लागला. ती पास झाली, गणितातही. मी फोन लावला तेव्हा ती बागेतल्या शेडमध्ये आंबे निवडत होती. "थांबा मॅडम, हात पुसते," म्हणाली. निकाल ऐकून तिने तो मागच्या गलक्यात ओरडून सांगितला. मग म्हणाली, "आता काढा माझा दाखला. कॉलेजला लागेल ना? पप्पा म्हणतात, फॉर्म भरूनच गावी जाऊ."

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. बाहेरून बसलेल्या त्या दोघांपैकी एक पास झाला. तो आमच्या शंभर टक्क्यांत नाही. पेढे द्यायला तो आला, तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघू शकले नाही.

या वर्षी सहामाही झाल्यावर सरांनी यादी मागितली. मी म्हटलं, "गुणांचा तक्ता देते, सर. यादी मी काढणार नाही. ज्याचं नाव घालायचं असेल त्याला आधी समोर बसवू. का मागे पडला ते त्याला विचारू आणि चार महिन्यांत काय होईल ते बघू."

सर म्हणाले, "बघू."

बाईंनी तक्ता माझ्या हातातून घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "पहिलं कोणाला बोलवायचं?"